चुकलेल्या प्रश्नाला किती वेळ द्यावा?

महाबळेश्वरात जूनचा पाऊस एकदा धरला की पर्यटक उतरून जातात आणि बाजारपेठ झापड ओढून बसते. वर्षाला ५,००० मिलीमीटरहून अधिक पाऊस पडणारे हे गाव. धुक्यात समोरचे घर दिसत नाही, कपडे वाळत नाहीत आणि पुस्तकांच्या पानांना बुरशीचा वास येऊ लागतो. अशाच एका जुलैमध्ये माझा निकाल लागला. परदेशातून वैद्यकीय पदवी घेऊन आलेल्यांना भारतात डॉक्टर म्हणून नोंदणी करण्यासाठी जी परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, तिच्यात मी दुसऱ्यांदा नापास झाले होते. हाताशी पुढच्या डिसेंबरपर्यंतचे पाच महिने होते, घरावर शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते होते आणि गावात भेटेल त्याचा एकच प्रश्न होता, "दवाखाना कधी टाकताय, डॉक्टरीणबाई?"

या लेखात माझ्या नापास होण्याची कहाणी सांगायची नाही. त्या पाच महिन्यांत एका छोट्या दिसणाऱ्या प्रश्नाचा मी शोध घेतला. सरावासाठी सोडवलेल्या प्रश्नांची उजळणी कशी करावी आणि प्रत्येक प्रश्नाला किती वेळ द्यावा, हा तो प्रश्न. स्मरणशक्तीवर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी याची बरीच उत्तरे शोधून ठेवली आहेत. ती डॉक्टर होऊ पाहणाऱ्यांना उपयोगी आहेत, तशीच स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या कुणालाही.

परीक्षा काय असते?

परदेशी पदवीधरांची चाळणी परीक्षा २००२ सालापासून घेतली जाते. त्याआधी, २००१ मध्ये, भारतीय वैद्यक परिषदेच्या १९५६ च्या कायद्यात तशी दुरुस्ती झाली होती. परीक्षा घेणारे राष्ट्रीय परीक्षा मंडळ दिल्लीचे. परीक्षा वर्षातून दोनदा, साधारण जून आणि डिसेंबरमध्ये होते. एकूण ३०० बहुपर्यायी प्रश्न दीडशे-दीडशेच्या दोन भागांत असतात आणि प्रत्येक भागाला १५० मिनिटे मिळतात. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी एक मिनिट. यांतले १०० प्रश्न शरीररचना, शरीरक्रिया, औषधशास्त्र अशा पायाभूत विषयांचे आणि २०० प्रश्न वैद्यक, शल्यक्रिया, स्त्रीरोग, सामाजिक आरोग्य अशा विषयांचे. उत्तीर्ण व्हायला १५० गुण लागतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत.

निम्मे गुण म्हणजे सोपे, असे वाटेल. पण जून २०२४ च्या फेरीत बसलेल्यांपैकी साधारण पाचातला एकच उत्तीर्ण झाला आणि हे प्रमाण त्या एका फेरीपुरते नव्हते. भारतात शिकलेल्यांची पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा वेगळी. तिच्यात २०० प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीला १ गुण वजा. दोन्ही गटांसाठी एकच परीक्षा आणण्याची तरतूद २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात आहे, पण तिची अंमलबजावणी पुढे ढकलली गेली आहे. परीक्षा कोणतीही असो, तयारीची आजची रीत एकच झाली आहे. फोनवर प्रश्नसंच घ्यायचा आणि हजारो प्रश्न सोडवायचे.

माझे कुठे चुकत होते?

मी आळशी नव्हते. ज्या शिकवणीला जात होते तिथे सांगितले होते की, प्रत्येक प्रश्नाचे स्पष्टीकरण संपूर्ण वाचायचे आणि वहीत उतरवून घ्यायचे. मी ते इमानेइतबारे करत होते. पन्नास प्रश्न सोडवायला तास लागे. मग एकेका स्पष्टीकरणाला सहा मिनिटे धरली तरी उजळणीला पाच तास. दिवस संपे आणि प्रश्न पन्नासच झालेले असत. भरलेल्या वह्यांचा ढीग झाला होता, पण त्या उघडून पुन्हा पाहायला वेळ कधीच मिळाला नाही. माझ्याबरोबरची काही मुले याच्या उलट करत. ती रोज दोनशे प्रश्न सोडवत, गुण बघत आणि पुढे जात. तीही नापास झाली.

त्या जुलैमध्ये बाबा वाईच्या बाजूला आमच्या स्ट्रॉबेरीच्या रोपवाटिकेवर जात असत. वर पाऊस फार, म्हणून पावसाळ्यात रोपे खाली वाढवतात. एकदा मी त्यांच्याबरोबर गेले. ते ओळींमधून झपाझप चालत होते आणि मधेच एखाद्या रोपापाशी बराच वेळ बसत होते. मी विचारले, "बाबा, सगळी रोपं नाही का बघायची?" ते म्हणाले, "सगळ्यांपाशी सारखाच बसलो तर दिवस पुरायचा नाही गं. ज्यानं मान टाकलीय त्याच्यापाशी बसायचं. आणि त्याला नुसतं पाणी घालून भागत नाही, मूळ उकरून बघावं लागतं."

मी घरी येऊन वह्या उघडल्या. मी सगळ्याच रोपांना सारखे पाणी घालत होते आणि मूळ एकाचेही पाहिले नव्हते.

वाचणे आणि आठवणे

'उजळणी' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पुन्हा वाचणे येते. पण आपल्याकडची जुनी उजळणी वाचण्याची नव्हती, म्हणण्याची होती. पाढे पाटीवर बघून म्हटले तर गुरुजी कान पिळत. न बघता म्हणायचे, अडखळले की दुरुस्त करून घ्यायचे आणि पुन्हा म्हणायचे. वेदपाठशाळेतली संथाही याच अंगाने जाते. यातले मर्म प्रयोगाने दाखवले गेले ते बरेच नंतर.

२००६ साली अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिके या संशोधकांनी विद्यार्थ्यांना काही उतारे दिले. एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकदा वाचला आणि नंतर तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा चार वेळा वाचणारे पुढे होते. त्यांना सुमारे ८३ टक्के आठवत होते, तर दुसऱ्या गटाला ७१ टक्के. आठवड्याने चित्र उलटले. वाचणाऱ्यांकडे सुमारे ४० टक्के उरले होते आणि आठवून लिहिणाऱ्यांकडे ६१ टक्के. घोकून झाल्यावर लगेच वाटणारा आत्मविश्वास फसवा असतो, तो यामुळेच.

हाच विचार डॉक्टरांवरही तपासला गेला. लार्सन, बटलर आणि रोडिगर यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निवासी डॉक्टरांना दोन विषय शिकवले. एका विषयावर त्यांच्या पुन्हा पुन्हा चाचण्या घेतल्या आणि दुसऱ्या विषयाच्या उत्तरांचे टिपण पुन्हा पुन्हा वाचायला दिले. सहा महिन्यांहून अधिक काळानंतर चाचण्या दिलेल्या विषयात सरासरी ३९ टक्के गुण मिळाले, तर वाचलेल्या विषयात २६ टक्के.

म्हणजे प्रश्न सोडवणे हाच अभ्यास आहे, ही गोष्ट खरी. पण बहुपर्यायी प्रश्नात एक काटा दडलेला असतो. चार पर्यायांपैकी तीन चुकीचे असतात आणि ते खरे वाटावेत अशा बेताने लिहिलेले असतात. आपण चुकीचा पर्याय निवडला आणि दुरुस्ती न करता पुढे गेलो, तर तोच पर्याय 'माहितीतला' म्हणून डोक्यात बसण्याचा धोका असतो. बटलर आणि रोडिगर यांनी २००८ मध्ये दाखवले की, बरोबर उत्तर सांगितले गेले तर हा धोका बराच कमी होतो. रोज दोनशे प्रश्न सोडवून गुण बघून उठणाऱ्यांचे नुकसान इथे होत होते. उजळणी टाळता येत नाही, मग ती थोडक्यात कशी बसवायची एवढेच ठरवायचे राहते.

उत्तराचे चार प्रकार

मी एक सवय लावून घेतली. पर्याय निवडताना, उत्तर कळण्याआधीच, प्रश्नाच्या क्रमांकापुढे 'ठाम' किंवा 'अंदाज' असे लिहायचे. उत्तर कळल्यानंतर हे लिहिण्याला अर्थ नाही, कारण तेव्हा आपण स्वतःशी खोटे बोलतो. बरोबर आलेले प्रत्येक उत्तर 'हे तर मला येतच होते' असे वाटू लागते. या खुणेमुळे चार ढीग तयार होतात.

पहिला ढीग ठाम आणि बरोबर उत्तरांचा. याला पंधरा सेकंद पुरतात. स्पष्टीकरण वाचायचेच नाही. दुसरा ढीग अंदाजाने बरोबर आलेल्यांचा. गुण मिळाला म्हणून आपण याच्याकडे पाहत नाही, पण हा चुकलेलाच धरावा. पुढच्या वेळी नशीब साथ देईलच असे नाही. तिसरा ढीग अंदाजाने चुकलेल्यांचा. इथे बहुधा माहितीच नसते, ती मिळवायची. चौथा ढीग ठामपणे चुकलेल्यांचा. तो सर्वांत लहान असतो आणि सर्वांत मोलाचा.

चौथ्या ढिगाबद्दल एक सुखद शोध आहे. बटरफील्ड आणि मेटकाफ यांना २००१ मध्ये असे आढळले की, माणूस ज्या उत्तराबद्दल खात्रीने चुकतो, ते उत्तर दुरुस्त करून दिल्यावर अधिक चांगले लक्षात राहते. धक्का बसतो आणि लक्ष वेधले जाते. पण २०११ मध्ये बटलर, फाझिओ आणि मार्श यांनी याला एक पुस्ती जोडली. आठवड्याभराने दुरुस्त उत्तर विसरले गेले असेल, तर जुनी ठाम चूकच पुन्हा डोके वर काढते. म्हणून या ढिगाची एक उजळणी पुरत नाही.

एक उदाहरण मांडून पाहू. समजा पन्नासांपैकी २२ प्रश्न पहिल्या ढिगात, १० दुसऱ्यात, १२ तिसऱ्यात आणि ६ चौथ्यात आहेत. त्यांना अनुक्रमे पाव, दोन, चार आणि सहा मिनिटे दिली, तर एकूण ११० मिनिटांत उजळणी संपते. माझ्या जुन्या रीतीने पाच तास लागत होते.

सहा मिनिटांत करायचे काय?

हे सांगायला एक खरा प्रश्न घेते, ज्याने मला चांगलाच धडा दिला. खेड्यातल्या आठ वर्षांच्या मुलाला लाल विंचू चावला आहे. त्याला दरदरून घाम सुटला आहे, उलट्या होत आहेत, लाळ गळते आहे, हातपाय गार पडले आहेत, नाडी जलद आहे आणि रक्तदाब वाढलेला आहे. औषध कोणते? पर्याय होते अॅट्रोपिन, प्राझोसिन, प्रोप्रॅनोलॉल आणि डायजॉक्सिन.

मी ठामपणे अॅट्रोपिन निवडले. उत्तर होते प्राझोसिन. लाज वाटावी अशी गोष्ट होती, कारण हे उत्तर आमच्या घाटाखालीच सापडलेले आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या विंचूदंशाच्या रुग्णांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला, त्यांची निरीक्षणे १९८० च्या दशकात 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली आणि प्राझोसिनचा उपचार जगभर पोचला. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

आता या चुकीचे मूळ कसे उकरायचे? पहिली पायरी म्हणजे स्पष्टीकरण झाकून प्रश्न पुन्हा वाचणे आणि नवे उत्तर कारणासह स्वतः सांगून पाहणे. दुसरी पायरी, निर्णायक खूण शोधणे. मी 'घाम, लाळ, उलटी' वाचले आणि थांबले. पुढे 'हातपाय गार, रक्तदाब वाढलेला' असे लिहिले होते. विंचवाच्या विषाने अंगातली संप्रेरके उसळतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर ताण येतो. प्राझोसिन नेमका हा आवळलेला फास सैल करते.

तिसरी पायरी मला सर्वांत उपयोगी वाटते. प्रत्येक चुकीच्या पर्यायाला विचारायचे, 'तू बरोबर ठरावास म्हणून प्रश्नात काय बदलावे लागेल?' अॅट्रोपिन बरोबर ठरायला मूल विंचवाऐवजी कीटकनाशकाच्या विषबाधेचे हवे. आमच्याकडे फवारणीच्या दिवसांत ही शंका प्रत्येक डॉक्टरला येते. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाच्या विषबाधेतही घाम आणि लाळ असते, पण बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आकसतात, छातीत स्राव भरतो आणि नाडी बहुधा मंदावते. तिथे अॅट्रोपिन प्राण वाचवते. विंचूदंशात मात्र ते आधीच धावणाऱ्या हृदयाला आणखी पळवते. प्रोप्रॅनोलॉल नाडी मंद करील, पण आवळलेल्या रक्तवाहिन्या तशाच सोडून हृदयाला अधिक अडचणीत टाकील. अशा रीतीने एका प्रश्नाचे तीन प्रश्न होतात आणि स्पष्टीकरणाची दोन पाने उतरवण्याची गरज राहत नाही.

चौथी पायरी, चुकीला नाव देणे. माझ्या चुका चारच जातींच्या निघाल्या. माहिती नव्हती. माहिती होती पण आठवली नाही. प्रश्न अर्धा वाचला. दोन जवळच्या गोष्टींत गल्लत केली. दोन आठवड्यांच्या चुका मोजल्या तेव्हा धक्का बसला. मी समजत होते की मला माहिती कमी पडते. प्रत्यक्षात मोठा वाटा अर्धा वाचलेल्या प्रश्नांचा आणि गल्लतीचा होता. पहिल्या दुखण्यावर पुस्तक हे औषध आहे, या दोहोंवर नाही. अर्ध्या वाचनावर उपाय म्हणजे प्रश्नाची शेवटची ओळ आधी वाचणे. गल्लतीवर उपाय म्हणजे त्या दोन गोष्टी शेजारी-शेजारी लिहिणे.

पाचवी आणि शेवटची पायरी, एकच ओळ लिहिणे. माझ्या चिठ्ठीच्या एका बाजूला होते, 'घाम आणि लाळ : हातपाय गार की बाहुल्या बारीक?' मागच्या बाजूला दोन औषधांची नावे.

पुन्हा कधी पाहायचे?

या चिठ्ठ्या मी स्ट्रॉबेरी भरायच्या पुठ्ठ्याच्या पेटीत कप्पे करून ठेवल्या. ही युक्ती जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात लोकप्रिय केली. आज फोनवरची अनेक अॅप तेच काम करतात. चिठ्ठी न बघता आली की पुढच्या कप्प्यात, चुकली की परत पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा आठवड्याने, तिसरा तीन आठवड्यांनी उघडायचा. आमच्याकडे पावसात वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नव्हता, म्हणून मला कागद बरा वाटला. दमट हवेने तो मऊ पडे, एवढीच अडचण.

मधले अंतर किती असावे, याचाही अभ्यास झालेला आहे. सेपेडा आणि सहकाऱ्यांच्या २००८ मधील प्रयोगानुसार, अंतिम परीक्षा सात दिवसांनी असेल तर एका दिवसाच्या अंतराने केलेली उजळणी सर्वाधिक उपयोगी ठरली. परीक्षा ३५ दिवसांनी असेल तर सुमारे ११ दिवसांचे अंतर आणि ७० दिवसांनी असेल तर सुमारे २१ दिवसांचे. थोडक्यात, परीक्षा जितकी लांब तितके अंतर मोठे. थोडे विसरू द्यावे आणि मग आठवावे. आठवताना जो जोर लागतो, तोच कामाचा असतो.

एक पथ्य मात्र पाळावे. तोच प्रश्न पर्यायांसकट पुन्हा सोडवू नये. आपल्याला उत्तर आठवत नाही, 'तिसरा पर्याय' आठवतो. चिठ्ठीवर पर्याय नसतात, म्हणून ती प्रामाणिक राहते.

परीक्षेच्या खोलीत

उजळणीतून परीक्षेच्या दिवसाचेही दोन निर्णय निघतात. पहिला, उत्तर बदलावे का? 'पहिले सुचलेलेच खरे' असे घरोघरी सांगतात. क्रुगर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये १,५६१ उत्तरपत्रिकांतल्या खाडाखोडी तपासल्या. बदललेल्या उत्तरांपैकी ५१ टक्के चुकीची बरोबर झाली होती आणि २५ टक्केच बरोबरची चुकीची. बाकीची चुकीवरून चुकीवर गेली. तरी आपला समज टिकतो, कारण बदलून गमावलेला गुण आयुष्यभर सलतो आणि बदलून मिळालेला आपण विसरतो. कारण सापडले असेल तर उत्तर बदलावे, नुसत्या भीतीने बदलू नये.

दुसरा निर्णय, प्रश्न सोडून द्यावा का? चाळणी परीक्षेत गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवू नये. जिथे ४ मिळतात आणि १ कापला जातो, तिथे चारांतून डोळे मिटून निवडले तरी सरासरी पाव गुण हाती लागतो. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर सरासरी सुमारे ०.६७ होते. प्रत्येक चुकीच्या पर्यायाला प्रश्न विचारण्याची सवय इथे कामी येते. उत्तर येत नसले, तरी कोणते उत्तर नाही हे सांगता येते.

परीक्षेपलीकडे

डिसेंबरमध्ये मी उत्तीर्ण झाले. पद्धतीमुळेच झाले असे मी म्हणणार नाही. घरच्यांनी पाच महिने मला कामाला हात लावू दिला नाही, हेही तितकेच खरे. प्रश्न सोडवून कुणी डॉक्टर होत नाही, हेही सांगायला हवे. रुग्ण चार पर्याय घेऊन येत नाही. नाडी धरायला, घाबरलेल्या आईशी बोलायला, वेळेवर पुढच्या रुग्णालयात पाठवायला प्रश्नसंच शिकवत नाही. ते प्रशिक्षणाच्या वर्षात शिकावे लागले आणि अजून शिकते आहे.

त्या वर्षातल्या एका रात्री एका मुलाला त्याच्या काकांनी खांद्यावर टाकून आणले. "काहीतरी चावलंय, दिसलं नाही," असे ते म्हणत होते. संध्याकाळी शेतात फवारणीही झाली होती. पोरगे घामाने निथळत होते. मी आधी हात हातात घेतला, मग बॅटरीने डोळे पाहिले. हात गार होते, बाहुल्या बारीक नव्हत्या. मी वरिष्ठांना फोन करून तेवढेच सांगितले. ते म्हणाले, "बरोबर, मी येतो, तोवर प्राझोसिन द्या." सकाळी मुलाचे हात उबदार होते आणि तो चहाबरोबर बिस्कीट मागत होता.

हल्ली सुट्टीला घरी आले की परीक्षेला बसणारी एक-दोन मुले भेटायला येतात. किती प्रश्न सोडवले ते मोठ्या उत्साहाने सांगतात. मी त्यांना पेटी दाखवते आणि विचारते, यांतले ठामपणे चुकलेले किती? बहुतेकांकडे तो आकडा नसतो. तो काढायला सांगते आणि चहा टाकायला आत जाते.